पॅडेलची रॅकेट पारखायची कशी: आधी काटा, मग काच, स्मॅश सगळ्यात शेवटी

पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टवर दोन-दोन जणांनी खेळायचा खेळ; त्याच्या रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेला सपाट भाग असतो, आणि टप्पा घेऊन काचेवर आदळलेला चेंडूही परतवता येतो. इंदुरात या खेळाची कोर्टं वाढली तसा एक प्रकार नेहमीचा झाला आहे. कोणी नवी रॅकेट आणली की चार जण ती हातात घेऊन हवेत फिरवतात, कोर्टवर जाऊन तीन स्मॅश हाणतात आणि निकाल देऊन मोकळे होतात: "भारी आहे!" मग तीच रॅकेट मागवली जाते. महिनाभरात मागच्या काचेवरून आलेले चेंडू नेटमध्ये जायला लागतात, लॉब (समोरच्यांच्या डोक्यावरून टाकलेले उंच चेंडू) अर्ध्यात पडतात आणि कोपर कुरकुरायला लागतं. रॅकेट बिचारी ठीकच असते, पारखण्याचा क्रम उलटा झालेला असतो.

आपल्यासारख्या हौशी खेळाडूच्या वाट्याला एका सेटमध्ये खरे स्मॅश थोडेच येतात. बाकी सगळं काचेवरून परतवणं, लॉब टाकणं, नेटजवळ चेंडू अडवणं. म्हणून रॅकेटची परीक्षा बचावापासून सुरू करायची. त्याही आधी थोडं घरचं काम आहे आणि ते टाळलं तर कोर्टवर काही कळत नाही.

## तयारी

हे जमवा: 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, शिवणकामाची टेप, सहा कडांची पेन्सिल (गोल नको, घरंगळते), कागदी चिकटपट्टी, वही, दोन-तीन नवे ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायच्या पट्ट्या) आणि चेंडूंचा न उघडलेला डबा. काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे रॅकेट घेऊन जा. तो आधी हसेल, मग वजन करून देईल.

चेंडूकडे जास्त लक्ष द्या, कारण इथेच निम्म्या चाचण्या बिघडतात. नियमानुसार पॅडेलचा चेंडू 2.54 मीटरवरून सोडला तर 135 ते 145 सेंटिमीटर उसळायला हवा. डबा उघडल्यापासून चेंडूतली हवा कमी होत जाते. आठवड्यापूर्वीच्या मेलेल्या चेंडूंवर कुठलीही रॅकेट मठ्ठच वाटणार, आणि मग मऊ रॅकेट उगाच चांगली ठरते. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. 500 मीटरच्या वरच्या ठिकाणी कमी उसळणारा, 122 ते 135 सेंटिमीटरवाला चेंडू वापरायची नियमांत मुभा आहे. तुमच्या कोर्टवर कुठला डबा चालतो ते बघा आणि चाचणीलाही तोच घ्या.

वेळही तुमच्या नेहमीच्या खेळाची धरा. रॅकेटच्या आतला फोम उन्हात मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. मे महिन्यात दुपारी चारला पारखलेली रॅकेट जानेवारीतल्या पहाटे हातात वेगळीच लागते. वर्षभर रात्री नऊनंतर खेळत असाल तर चाचणीही रात्री नऊनंतरच.

सावध: एका बैठकीत तीनपेक्षा जास्त रॅकेट घेऊ नका. चौथीपर्यंत हात थकतो, आणि दोष मात्र चौथीवर जातो.

## पायरी 1: आधी स्वतःची नोंद करा

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "भिया, बजेट कितना है?" तुमच्या वहीतले प्रश्न वेगळे हवेत.

कोर्टच्या कुठल्या बाजूला उभे राहता? दोघंही उजव्या हाताने खेळत असतील तर डावीकडच्याचा फोरहँड मध्यावर येतो, त्यामुळे उंच चेंडू बहुतेक त्याचेच. उजवीकडचा खेळाडू गुण बांधत नेतो, लॉब टाकतो, अडवतो. डावखुरा बहुतेक वेळा उजवीकडे उभा राहतो तोही याच कारणाने.

आधी कुठला खेळ खेळलात? कोपर, खांदा, मनगट यांपैकी काही दुखून गेलं आहे का? आठवड्यातून किती वेळा खेळता?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: गुण कुठे जातात? मागच्या दोन-तीन सामन्यांत हातचे गेलेले गुण आठवून लिहा. "काचेवरून नेटमध्ये", "लॉब आखूड", "व्हॉली (टप्प्याआधी मारलेला चेंडू) थेट समोरच्या काचेवर" असं नेमकं लिहा. बहुतेकांच्या यादीत "स्मॅशला जोर नाही" हे चौथं-पाचवं येतं, आणि रॅकेट मात्र तेवढ्यासाठी बदलली जाते.

## पायरी 2: अंग तपासा

काट्यावर ठेवण्याआधी रॅकेट धड आहे का ते बघा. वापरलेली किंवा चाचणीसाठी दिलेली रॅकेट असेल तर ही पायरी टाळूच नका. नवीन पार्सल आलं असेल तरी करा, वाटेत मार लागलेला असू शकतो.

माठ घेताना टिचकी मारून बघतो तशी बोटाच्या पेराने रॅकेटच्या दोन्ही बाजूंवर टकटक करा. मध्यापासून सुरू करून कडेपर्यंत गोल गोल जा. आवाज मध्याकडून कडेकडे हळूहळू बदलतो, ते बरोबर. एखाद्याच जागी तो एकदम बोदा किंवा फाटका आला, तर तिथे वरचा थर आतल्या फोमपासून सुटला असण्याची शक्यता आहे. त्या जागी अंगठा दाबून बघा. चामडी हलल्यासारखी वाटली तर रॅकेट परत.

मग भोकांच्या कडा. दोन भोकांच्या मधून जाणारी केसाएवढी रेघ दिसते का? फ्रेमवर ओरखडा आहे की तडा, हे नखाने कळतं: ओरखड्यावरून नख घसरतं, तड्यात अडकतं. मूठ आणि डोकं जिथे जुळतं ती दुबेळक्याची जागा दोन्हीकडून नीट बघा, जोर तिथे एकवटतो. शेवटी रॅकेट कानाशी धरून हलवा. आत काही खडखडत असेल तर पुढे जायची गरजच नाही.

## पायरी 3: वजन आणि तोल मोजा

इथे घाई नको.

रॅकेटची लांबी 45.5 सेंटिमीटर, रुंदी 26 सेंटिमीटर आणि जाडी 38 मिलिमीटर, याहून जास्त नियमांना चालत नाही, आणि मोठ्यांच्या जवळपास सगळ्याच रॅकेट या मर्यादेला टेकलेल्या असतात. म्हणजे खोक्यावरचं "38 मिमी" वाचून काही ठरत नाही. फरक असतो तो वजनात, तोलात आणि आतल्या मालात.

वजनावरही खोक्याच्या भरवशावर राहू नका. तिथे एक आकडा नसतो, "360–375" अशी पट्टी असते. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज निघतो. मित्राची रॅकेट आवडली म्हणून तेच मॉडेल मागवलं आणि हातात वेगळीच लागली, याचं कारण बहुधा हेच असतं.

क्रम असा:

1. मनगटाची दोरी काढा. निघत नसेल तर प्रत्येक रॅकेटला ती मुठीभोवती सारखीच गुंडाळा.
2. रॅकेट काट्यावर ठेवा, आकडा लिहा. हे कोरं वजन.
3. टेबलावर पेन्सिल आडवी ठेवा. रॅकेट तिच्यावर आडवी टाकून मागेपुढे सरकवा, दोन्ही टोकं उचलून क्षणभर तरंगेपर्यंत. ही जागा फेसच्या (चेंडू लागतो त्या सपाट भागाच्या) खालच्या भागात, भोकांच्या पहिल्या काही ओळींत येते.
4. तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. मुठीच्या बुडापासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. हा तोल.
5. तुमच्या सध्याच्या रॅकेटचंही वजन आणि तोल असंच मोजून शेजारी लिहा.

तोल 25.5 सेंटिमीटरच्या आत असेल तर तो खाली, मुठीकडे आहे. 25.5 ते 26.5 मध्यम. त्यावर गेला की डोक्याकडे झुकला. कंपन्या हे टप्पे थोडे इकडेतिकडे धरतात, म्हणून त्यांच्या शब्दांपेक्षा तुमचा टेपचा आकडा खरा.

आता नेहमीची गफलत. लोक आपल्या जुन्या, ओव्हरग्रिप आणि प्रोटेक्टर (डोक्याच्या कडेला ओरखड्यांपासून जपणारी पट्टी) लावलेल्या रॅकेटची तुलना दुकानातल्या कोऱ्या रॅकेटशी करतात. हिशोब करून बघा. रॅकेट 365 ग्रॅमची, तोल 26 सेंटिमीटरवर. तिला 6 ग्रॅमचा ओव्हरग्रिप गुंडाळला की वजन 371 होतं आणि तोल साधारण 3 मिलिमीटर मुठीकडे येतो. उलट, डोक्याला 10 ग्रॅमचा प्रोटेक्टर चिकटवला की तोल जवळपास 5 मिलिमीटर वर जातो. म्हणजे दुकानात मध्यम तोलाची असलेली रॅकेट घरी येऊन प्रोटेक्टर लावला की डोक्याने जड होते, आणि माणूस म्हणतो, "दुकानात तर हलकी वाटत होती!"

तपासा: वजनात 5 ग्रॅमचा फरक असेल आणि तोल सारखा असेल तर बहुतेकांना कळतही नाही. वजन सारखं आणि तोलात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल तर नेटजवळ लगेच कळतो. निवड अडली तर तोलाला जास्त मान द्या.

## पायरी 4: मूठ ठीक करा, मगच खेळा

पॅडेलच्या रॅकेटला टेनिससारखे ग्रिपचे वेगवेगळे क्रमांक सहसा नसतात. मूठ बारीक येते आणि ती आपल्या हाताएवढी जाड करून घ्यायची असते. रॅकेट नेहमीसारखी धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताची करंगळीही शिरत नसेल तर मूठ बारीक आहे. एक ओव्हरग्रिप गुंडाळा, लागलाच तर दुसरा. तर्जनी आरामात बसली की झालं.

मूठ बारीक असली की रॅकेट हातात फिरते. ती फिरू नये म्हणून आपण आवळून धरतो, आणि आवळून धरलेल्या हाताचा ताण कोपराला जातो. कोपर दुखलं म्हणून रॅकेट विकणाऱ्या काही जणांचं काम एका ओव्हरग्रिपमध्ये झालं असतं.

ओव्हरग्रिप लावून झाल्यावर वजन आणि तोल पुन्हा मोजा. कोर्टवर उतरते ती ही रॅकेट, त्यामुळे तुलनेला हेच आकडे धरायचे.

सावध: मोजण्यासाठी काढलेली दोरी परत बांधा आणि खेळताना मनगटात घाला. नियमाने ती सक्तीची आहे. घामट हातातून सुटलेली रॅकेट काचेच्या खोलीत कोणाच्या तोंडावर जाईल याचा नेम नाही.

## पायरी 5: आकार, गाभा आणि फेस वाचायला शिका

आकार तीन. गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट (चेंडू सगळ्यात छान बसतो ती जागा) मोठा आणि मध्यात असतो, तोल बहुधा खाली. डायमंडचा स्वीट स्पॉट लहान आणि वरच्या बाजूला, तोल डोक्याकडे. टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराची, दोन्हींच्या मधली. पण आकार बघून तोल गृहीत धरू नका. डोक्याने जड असलेल्या टिअरड्रॉपही निघतात. म्हणून पायरी 3 आधी.

स्वीट स्पॉट घरीच शोधता येतो. मुठीच्या बुडाशी दोन बोटांत रॅकेट सैल लटकवा आणि दुसऱ्या हातातल्या चेंडूने फेसवर वेगवेगळ्या जागी हलके ठोके द्या. एका पट्ट्यात बोटांना थरथर जवळजवळ लागत नाही. त्या पट्ट्याच्या कडा चिकटपट्टीने खुणावून ठेवा. दोन रॅकेट शेजारी ठेवल्या की कोण किती चुका पोटात घालेल ते डोळ्यांना दिसतं.

गाभा म्हणजे आतला फोम, बहुधा ईव्हीए नावाचा रबरासारखा. तो मऊ, मध्यम किंवा कडक असतो. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे: "कडक रॅकेट म्हणजे पॉवर." हात वेगाने फिरत असेल तर खरं. हळू हाताने मारलेला चेंडू मऊ गाभ्यातून जास्त लांब सुटतो, कारण गाभा दबतो आणि परत उसळतो. कडक गाभा दाबायला जोर लागतो, आणि तो जोर काचेवरून चेंडू काढताना आपल्याकडे नसतो. उलट, फार जोराने मारणाऱ्याच्या हातात मऊ गाभा पूर्ण दबून जातो आणि चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. म्हणजे नवख्याला कडक रॅकेट दिली की त्याची पॉवर कमी होते. आवाज मात्र मोठा येतो, आणि माणूस आवाजाला भुलतो.

फेस फायबरग्लासचा असेल तर जास्त लवचीक, कार्बनचा असेल तर ताठ. कार्बनच्या पुढचा "के" म्हणजे एका पेडात किती हजार तंतू आहेत त्याचा आकडा: 3के म्हणजे 3000, 18के म्हणजे 18,000. सोन्याच्या कॅरेटसारखा तो वाचू नका. थर किती, राळ कुठली, आत गाभा कसा, यावर रॅकेटचा ताठपणा ठरतो. पॅडेलचा नामवंत खेळाडू आगुस्तिन तापिया याच्या नावाची, नॉक्स कंपनीची एटी10 ही 12के आणि 18के दोन्हींत मिळते आणि दोन्ही वरच्या दर्जाच्याच मानल्या जातात. तेव्हा "18के आहे, प्रो आहे" या वाक्यावर पैसे मोजू नका.

खरखरीत पृष्ठभागाबद्दल थोडक्यात: वाळूसारखा लेप वापराने झिजतो, साच्यातच उठवलेली नक्षी जास्त टिकते. फिरकी मुख्यतः हातातून येते.

## पायरी 6: कोर्टवर, या क्रमाने

प्रत्येक रॅकेटवर चिकटपट्टी लावून 1, 2 असे आकडे टाका, जमलं तर ब्रँडचं नावही झाका. महागडी रॅकेट हातात आहे हे कळलं की आपण जरा नीट खेळतो.

दहा मिनिटं स्वतःच्या जुन्या रॅकेटने अंग मोकळं करा. मग पुढचा प्रत्येक भाग जुनी, नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी असा करा. एकदाच पालटलं तर दुसरी रॅकेट नेहमी चांगली वाटते, कारण तोवर हात तापलेला असतो. प्रत्येक भागात प्रत्येक रॅकेटला एकूण 20 चेंडू, म्हणजे पाळीला दहा. जोडीदाराने चेंडू हाताने टाकले तरी चालेल, फक्त सारखे टाकावेत.

पहिला भाग, मागच्या काचेवरून. चेंडू टप्पा घेऊन काचेवर आदळून येऊ द्या आणि परतवा. नेट ओलांडून सर्व्हिस रेषेच्या पलीकडे किती पडले ते मोजा. ही रेषा नेटपासून 6.95 मीटरवर असते, म्हणजे तिच्या मागे सुमारे 3 मीटरचा पट्टा उरतो. तोच आपला निशाणा. डोक्याने जड रॅकेट इथे पहिल्यांदा पकडली जाते: चेंडू काचेवरून कमरेखाली येतो, हात उशिरा पोचतो, आणि चेंडू नेटमध्ये.

दुसरा भाग, लॉब. त्याच 3 मीटरच्या पट्ट्यात टप्पा पडला तर गुण, थेट काचेवर गेला तर नाही. मऊ रॅकेटचे लॉब लांब जातात, कडकचे आखूड पडतात. कुठे चुकतात तेही लिहा. सगळे लांबच जात असतील तर दोन दिवसांत हात जुळतो. कधी लांब, कधी आखूड असं होत असेल तर ती रॅकेट तुमच्या हातात बसलेली नाही.

तिसरा भाग, नेटजवळ अडवणं. तुम्ही नेटपासून दोन-तीन पावलांवर, जोडीदार मागून जोरात मारतो. रॅकेट फिरवायची नाही, फक्त समोर धरायची. चेंडू मध्याबाहेर लागला की मूठ हातात वळते का? फोरहँडकडून बॅकहँडकडे यायला वेळ लागतो का? दोन चेंडू पटापट, एक उजवीकडे एक डावीकडे, असेही द्यायला सांगा. तोलातला अर्धा सेंटिमीटर इथे बोलतो.

चौथा भाग, बांदेहा. डोक्यावरचा चेंडू कापून, जोर न लावता, खोल ठेवायचा आणि नेट सोडायचं नाही. डायमंडवाल्यांना इथे बरं वाटतं, चेंडू उंचावर लागतो आणि स्वीट स्पॉटही वर असतो. पण दहाव्या चेंडूनंतर खांद्याला काय वाटतं तेही नोंदवा.

पाचवा भाग, हळू चेंडू. नेटवाल्यांच्या पायाशी टाकायचा. मऊ रॅकेटने तो थोडा उंच राहतो, तो मारला गेला की गुण गेला. कडक रॅकेटचा इथे खरा फायदा दिसतो.

आणि आता स्मॅश. दहा पुरेत.

तपासा: 20 पैकी दोन-तीनचा फरक सोडून द्या, तेवढा त्याच रॅकेटने दुसऱ्या दिवशीही पडतो. पाच किंवा जास्त असेल तरच तो रॅकेटचा धरा. आणि भागांना सारखं महत्त्व देऊ नका. पायरी 1 मध्ये जिथे गुण जातात असं लिहिलंत, त्या भागाचे आकडे आधी बघा.

सावध: एखादी रॅकेट दुसऱ्या-तिसऱ्या भागातच कोपरात कळ आणत असेल तर तिथेच थांबा. "सवय होईल" असं म्हणून पुढे रेटू नका.

## पायरी 7: थकल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी

मोजणी झाली की नव्या रॅकेटने एक खरा सेट खेळा, शक्यतो बैठकीच्या शेवटी. ताज्या हाताला 375 ग्रॅमही हलके वाटतात. सेट चार-तीनवर आलेला, घाम गळत असताना, रॅकेट छातीसमोर राहते की खाली लोंबकळायला लागते ते जोडीदाराला बघायला सांगा. स्वतःचं स्वतःला कळत नाही. रॅकेट खाली आली म्हणजे वजन किंवा तोल जास्त आहे, मग स्मॅश कितीही सुंदर बसत असोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं भरलेलं पातेलं उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय का ते बघा. टेनिस एल्बोचा त्रास पकड घेताना त्याच जागी जाणवतो. एक दिवस जडपणा आला तर ठीक. दोन-तीन खेळांनंतरही राहिला तर रॅकेट बदला, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवायला लाजू नका.

चाचणीला रॅकेट देणारं कोणी नसेल, ऑनलाइनच मागवायची असेल, तर निदान परत करण्याची अट वाचा. खेळलेली रॅकेट बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. अशा वेळी पायरी 2 ते 4 खोकं उघडल्याबरोबर करा, प्लॅस्टिक पूर्ण न काढता जितकं होईल तितकं. आणि ज्या मॉडेलचा विचार आहे ते कोणाकडे असेल तर त्या रॅकेटचं वजन-तोल मोजून विक्रेत्याला विचारा: "याच वजनाची आहे का?" काही जण काट्यावर ठेवून फोटो पाठवतात.

## पायरी 8: कोणाच्या हाताला काय

हे ढोबळ आहे. तुमचे आकडे वेगळं सांगत असतील तर आकड्यांचं ऐका.

बॅडमिंटनवाले. आपल्याकडे यांचीच भरती जास्त. बॅडमिंटनची रॅकेट 80-90 ग्रॅमची, पॅडेलची तिच्या चौपट. सवयीने मनगट झटकलं जातं आणि ते चौपट वजन मनगटाला झटका देतं. गोल, 350 ते 360 ग्रॅम, तोल खाली, गाभा मऊ ते मध्यम. जितकी हलकी तितकी बरी असं मात्र नाही. फार हलकी रॅकेट जोरात आलेल्या चेंडूपुढे मागे ढकलली जाते आणि हादरा हातात उतरवते.

इंदूरच्या अभय प्रशाल क्रीडा संकुलातल्या टेबलांवर वाढलेले टेबल टेनिसवाले. नेटजवळ यांचे हात चपळ असतात, मागच्या काचेशी गोंधळ होतो. गोल किंवा खालच्या तोलाची टिअरड्रॉप, गाभा मध्यम.

टेनिसवाले. हात लांब फिरतो, जोर आहे. मध्यम-कडक गाभा आणि टिअरड्रॉप चालते. दोन हातांचा बॅकहँड असेल तर मूठ लांब आहे का ते बघा.

क्रिकेटवाले. किलोच्या वरची बॅट फिरवलेली असल्यामुळे 375 ग्रॅमची डायमंड खेळण्यातली वाटते. पहिले सहा महिने तिच्याकडे बघूही नका. गोल घ्या, हात फुकट जाणार नाही.

कोपराचं दुखणं असलेले. गोल, मऊ गाभा, तोल खाली, मूठ जाड. वजन 355 ते 365च्या आसपास, त्याहून खूप खाली नको, कारण वर सांगितलंच.

डावीकडे उभे राहून आठवड्यातून तीन-चारदा खेळणारे, ज्यांचे पहिल्या तीन भागांचे आकडे चांगले आहेत. यांनी वरच्या तोलाची टिअरड्रॉप किंवा डायमंड जरूर आजमावावी. तोपर्यंत नाही.

बायकांसाठी वेगळी रॅकेट म्हणून बाजारात बऱ्याचदा फक्त हलकी आणि गुलाबी रॅकेट पुढे केली जाते. वजनाची निवड वहीतल्या नोंदीवरून करा. जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळलेल्या वहिनींना 340 ग्रॅमची रॅकेट कदाचित खेळणंच वाटेल.

मुलांना मोठ्यांची जुनी रॅकेट देऊ नका. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला 300 ग्रॅमच्या आसपासची ज्युनिअर रॅकेट घ्या. दोन वर्षांत ती लहान पडेल, पडू दे.

## पायरी 9: घेतल्यानंतर

पहिल्या दिवशीचे आकडे वहीत ठेवा: वजन, तोल, लॉबचा आकडा. गाभा वापराने मऊ पडत जातो, आणि तो इतका हळू की हाताला कळत नाही. सहा महिन्यांनी नवा डबा उघडून पुन्हा 20 लॉब मारा. सगळे लांब जायला लागले असतील तर दोष हाताचा धरण्याआधी पायरी 2 मधली टकटक पुन्हा करा.

रॅकेट गाडीच्या डिकीत सोडू नका. उन्हाळ्यात विजयनगरला दिवसभर उभ्या असलेल्या गाडीत ती भाजून निघते, गाभा मऊ पडतो आणि थर सुटायला वाव मिळतो. ऑफिसातून थेट कोर्टवर जात असाल तर रॅकेट सोबत वर न्या, टेबलाखाली मावते. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर खेळून आलात तर कोरड्या फडक्याने पुसा, भोकांमध्येही, आणि बॅगेत कोंडून न ठेवता पंख्याखाली ठेवा.

प्रोटेक्टर लावायचा असेल तर पहिल्याच दिवशी, पहिला ओरखडा पडायच्या आधी. लावला की पुन्हा पेन्सिल आणि टेप. तोल अर्धा सेंटिमीटर वर गेला असेल आणि नेटजवळ हात उशिरा पोचत असेल तर मुठीवर आणखी एक ओव्हरग्रिप गुंडाळा, निम्म्याहून जास्त फरक तिथेच भरून निघतो. एवढ्याने मूठ फार जाड होत असेल तर प्रोटेक्टर काढून टाका आणि काचेजवळ रॅकेट जपून चालवा.